बॉलेरो ही झोपायला लावायची चीज नव्हे!

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत रात्री शांत झोप लागावी म्हणून ऐकायच्या संगीताची एक यादी आली होती. त्यात दब्युसी होता, साती होता (दोघेही फ्रेंच संगीतकार), इथपर्यंत ठीक, पण पाचव्या नंबरवर चक्क त्यांच्याच देशातल्या रावेलचा बॉलेरो! ज्याने कोणी ही यादी केली त्याने बॉलेरो शेवटपर्यंत ऐकलेला नाही हे मी स्टॅम्प पेपरवर लिहून देतो. सुरुवातीला ढोलकं इतकं हळू वाजतं की कान देऊन ऐकावं लागतं, आणि पंधराव्या मिनिटाला अख्खा ऑर्केस्ट्रा अंगावर कोसळतो, तोपर्यंत एखाद्या बिचाऱ्याला डुलकी लागलेली असेल तर तो पलंगावरून खाली येईल आणि शेजारचे बेल वाजवतील ते वेगळंच.

त्यात मंगळवारच्या पत्रात एका वाचकाने लिहिलंय की आपलं एवढं मोठं संगीत असताना ही परकी भानगड कशाला. म्हटलं आता लिहायलाच पाहिजे.

मी बँकेतला रिटायर्ड माणूस. स्टाफ नोटेशन मला वाचता येत नाही, पियानोला हात लावलेला नाही, त्यामुळे हे तज्ज्ञाचं पत्र नाही. झालं असं की मागच्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालं, दीड महिना पडून, आणि दुपारी फोनवर पन्नालाल घोषांची बासरी लावून डोळे मिटायचे हा कार्यक्रम. एक दिवस बासरी संपली आणि ऑटोप्ले आपोआप पुढे गेलं. परत बासरीच, पण भलतीच. एकटीच, मागे तंबोरा नाही काही नाही, एका स्वरावर रेंगाळते, घसरत खाली येते, परत वर चढते. मग हार्प, भोंग्यासारखं काहीतरी लांबून, आणि एकदम शांतता. मला वाटलं नेट गेलं. फोन हातात घेऊन बघतो तर चालूच आहे! ती शांतता त्या रचनेतच लिहिलेली होती.

ते होतं दब्युसीचं ‘एका फॉनच्या दुपारचा प्रेल्यूड’ (फॉन म्हणजे त्यांच्या पुराणातला अर्धा बोकड अर्धा माणूस), पॅरिसला २२ डिसेंबर १८९४ ला पहिल्यांदा वाजलं आणि तिथल्या तिथे वन्समोअर मिळाला. सगळं मिळून दहाच मिनिटं. मी आपला त्यात षड्ज शोधत बसलो, आपल्या कानाला ती सवयच असते ना. हसू नका, पण दुसऱ्या फोनवर तंबोऱ्याचं अ‍ॅप लावून एकेक पट्टी बदलून बघितली. कुठेच बसेना! दोन मिनिटं जुळल्यासारखं वाटतं आणि पायाखालची सतरंजी सरकते. तिसऱ्या चौथ्यांदा ऐकल्यावर लक्षात आलं की बासरीचा तो मुखडा परत परत येतो, पण दरवेळी त्याच्याखालचं पाणी बदललेलं असतं. मुखडा तोच, घर निराळं. हे कळलं त्या दिवशी मी अ‍ॅप बंद केलं.

मग व्यसनच लागलं. सातीचं जिम्नोपेदी (१८८८) लावलं. पॅरिसमधल्या माँमार्त्र भागातल्या कॅबरेत पियानो वाजवून पोट भरणारा हा माणूस. डावा हात एक खालचा स्वर दाबतो आणि मग वर एक हलका झुपका, परत खालचा, परत झुपका, पाळणा हलतो तसं, आणि उजव्या हाताने चार ओळी गुणगुणल्यासारख्या. सौ. स्वयंपाकघरातून म्हणाली, ‘हा वाजवायला बसलाय की कोणाची वाट बघतोय?’ मला विचाराल तर सातीवर यापेक्षा नेमकं मी अजून कुठे वाचलेलं नाही. तिला मात्र फोरेचं रेक्विएम आवडलं. मृतात्म्यासाठीची प्रार्थना असते ती, त्यात कयामतच्या दिवशी देव कसा कोपेल हा भाग बाकीचे लोक दणकावून घालतात, फोरेने तो जवळजवळ गाळूनच टाकलाय. बर्लिओझ हा आणखी एक फ्रेंच संगीतकार, तो मात्र आम्हा दोघांनाही झेपला नाही. फार आरडाओरडा. असेल मोठा, पण आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत मावत नाही.

लिली बुलाँजे हे नाव पुरवणीवाल्यांनी लिहून ठेवावं. १९१३ साली एकोणीस वर्षांची असताना प्री द रोम हे मानाचं बक्षीस रचनेसाठी मिळवणारी पहिली बाई, आणि चोविसाव्या वर्षी गेली. मार्च १९१८, १५ तारखेला ती आणि २५ तारखेला दब्युसी. तिची ‘वसंतातल्या एका सकाळची’ जेमतेम पाच मिनिटांची रचना आहे, चहा उकळेपर्यंत ऐकून होते. त्याच पॅरिसमध्ये रावेलने याच बक्षिसासाठी पाच वेळा प्रयत्न केला आणि मिळालं नाही! १९०५ ला तर त्यावरून पेपरात इतकी बोंबाबोंब झाली की तिथल्या संगीत महाविद्यालयाचा प्रमुखच बदलला, आणि त्याच्या जागी आले ते रावेलचे गुरू, वर सांगितलेले फोरे.

हां, तर बॉलेरो. आमचे अण्णा तबल्याचे क्लास घेतात, पंचवीस वर्षांची दोस्ती. त्यांना काही न सांगता हेडफोन घातले. पहिल्या मिनिटाला बोटं मांडीवर सुरू झाली. पाचव्या मिनिटाला म्हणाले, ‘अरे हा पुढे जाणार आहे की नाही?’ दहाव्या मिनिटाला बोलणंच बंद. संपल्यावर हेडफोन काढून पहिला प्रश्न, ‘त्या ढोलकंवाल्याचं नाव काय?’ कारण त्या पोराला दोन मापांचा तोच तुकडा १६९ वेळा वाजवायचा असतो, बारीक आवाजापासून गडगडाटापर्यंत, आणि एकदाही चुकायचं नाही, घाईसुद्धा करायची नाही. अण्णा म्हणाले, ‘आपल्याकडे रंग चढवायचा म्हणजे लय वाढवायची, विलंबितातून द्रुतात जायचं, झाल्यात जायचं. ह्याने लय तिथेच खिळा मारून ठेवली आणि नुसता आवाज चढवत नेला. हे अवघड आहे रे, हात आपोआप पळतो.’ आणि खरंच, १९३० साली तोस्कानिनीसारख्या बड्या कंडक्टरचा हात पळाला होता, पॅरिसला त्याने बॉलेरो फास्ट वाजवला म्हणून रावेल त्याच्याशी भांडला होता. अण्णांना हे सांगितल्यावर इतके खूष झाले की दुसऱ्या दिवशी क्लासच्या पोरांना दादऱ्याचा ठेका दहा मिनिटं एका लयीत वाजवायला बसवलं. पोरं मला शिव्या घालत असणार.

आता परकेपणाबद्दल. या फ्रेंचांना हिंदुस्थानचं वेड जुनंच, पण पूर्वी ते फॅन्सी ड्रेसच्या पातळीवर होतं. १८८३ चा लाक्मे ऑपेरा घ्या, लाक्मे म्हणजे आपली लक्ष्मी, ब्राह्मणाची मुलगी, इंग्रज ऑफिसरवर प्रेम करते आणि शेवटी धोत्रा खाऊन मरते. त्यातलं दोघींचं गाणं गोड आहे, पण हिंदुस्थानी काय आहे त्यात, काही नाही. पुढे रूसेल नावाचा, आधी नौदलात असलेला संगीतकार १९०९ ला बायकोला घेऊन इकडे आला, आमचं वेरूळ बघून गेला आणि त्यावर ऑर्केस्ट्रासाठी रचना केली, तिचं नाव ‘गुहांच्या अंधारातले देव’. वेरूळ आमच्यापासून तीस किलोमीटर. आम्ही तिथे जातो, लेण्यात हाका मारून आवाज घुमतो का बघतो आणि मीठ लावलेली काकडी खाऊन परत येतो.

पण मला खरा धक्का बसला तो मेसियाँ या फ्रेंच संगीतकारामुळे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या कैदेत असताना, ग्योर्लिट्झच्या छावणीत, १५ जानेवारी १९४१ ला भर थंडीत त्याचं ‘काळाच्या अंतासाठी’ हे क्वार्टेट पहिल्यांदा वाजलं. व्हायोलिन, क्लॅरिनेट, चेलो, पियानो. कैद्यांमध्ये जे वादक मिळाले त्यांच्यासाठी लिहिलेलं. त्याच्या पहिल्या भागात पियानोला जी लय दिलीये ती तीन देशी ताल एकापुढे एक जोडून केलेली आहे, रागवर्धन, चंद्रकला आणि लक्ष्मीश. हे ताल त्याला एका फ्रेंच ज्ञानकोशात सापडले, आणि तिथे ते आले शार्ङ्गदेवाच्या संगीतरत्नाकरातून. शार्ङ्गदेव कुठला, तर तेराव्या शतकात यादव राजा सिंघण याच्या दरबारातला, म्हणजे आमच्या देवगिरीचा! खुलताबादच्या बसमधून जो किल्ला मी शेकडो वेळा बघितला तिथला. आणि नोकरी काय, तर राज्याचे हिशेब बघायची. आमच्याच धंद्यातला माणूस. मला खरंच भरून आलं हो.

मेसियाँने भारतीय संगीत वाजवलं असं मात्र मी म्हणणार नाही, त्याने पुस्तकातून नुसती मोजमापं उचलली, ठेका नाही बोल नाही, अण्णांनाही ते ताल वाटले नाहीत.

म्हणून विनंती एवढीच की यादी छापण्यापेक्षा दर रविवारी चार इंच जागा द्या, वाचकांनी काय ऐकलं, आवडलं की डोकं उठलं, स्वतःच्या शब्दांत लिहावं. तज्ज्ञांचं छापताच, पण आमच्या सौ.सारखी मतंही येऊ देत.

अण्णा सध्या मेसियाँच्या मागे लागलेत. त्या पियानोच्या लयीत १७ आघात आहेत आणि त्यावर फिरणारे स्वरांचे झुपके २९, म्हणजे दोन्ही चाकं सुरुवातीला एकत्र यायची तर ४९३ आघात पाहिजेत, हा लसावि मी काढून दिला, सवय आहे. ‘म्हणजे सम ४९४ व्या आघातावर?’ अण्णांनी विचारलं. म्हटलं, हो, पण तो तुकडा त्याच्या बराच आधी संपतो. अण्णा दोन मिनिटं गप्प बसले, मग म्हणाले, ‘परत लाव.’

आपला,
एक जुना वाचक,
छत्रपती संभाजीनगर