मोटार कोइमतूरची, तारेचा भाव मात्र डॉलरचा

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाला माझं मोटार वाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटारीत तांब्याची तार नव्यानं भरून द्यायचं दुकान आहे, बावीस वर्षं झाली. तुमच्या पेपरात रुपया घसरल्याच्या बातम्या आल्या की मी पूर्ण वाचतो, पण त्यात बहुतेक परदेशात शिकणारी पोरं, विमानाची तिकिटं आणि मोबाईल एवढंच असतं, आणि एक वाक्य हमखास असतं की रुपया पडला की बाहेरचा माल महागतो, मग लोक देशी मालाकडं वळतात आणि आपल्या कारखान्यांचा फायदा होतो. मला ह्या वाक्याबद्दलच लिहायचंय, कारण माझ्या टेबलावर ते अर्धंच खरं ठरतं.

मागच्या महिन्यात एक काका जळालेली 5 एचपीची सबमर्सिबल, म्हणजे पाण्यात सोडायची मोटार, टेम्पोत टाकून घेऊन आले. गव्हाला पाणी चालू होतं, रात्रीची लाईट, त्यात व्होल्टेज कमी, मोटार उघडली तर आतलं सगळं काळंठिक्कर. जुनी तार काढली, काट्यावर ठेवली, तिचे भंगाराचे पैसे वजा केले आणि भरायचा हिशोब कागदावर मांडून दिला. काकांनी कागद दोनदा वाचला. म्हणले, "मिस्तरी, मागच्या साली येवढे नव्हते. कामून वाढले?" मी म्हणलो काका तांबं महागलं, आणि त्यात डॉलर वर गेला. तर ते म्हणले, "मोटार तर कोइमतूरची हाय ना, चायनाची थोडीच हाय? मी सगळं रुपयात इकत घेतो, माझा डॉलरशी काय संबंध?"

साहेब, ह्या प्रश्नाचं उत्तर शेतकऱ्याला कुणीच नीट देत नाही म्हणून मी देतो. तांब्याचा भाव लंडनच्या बाजारात डॉलरमध्ये ठरतो. समजा टनाला 10,000 डॉलर भाव आहे आणि डॉलर 83 रुपयांना आहे, तर किलोला 830 रुपये पडले. तांब्याचा भाव तिकडं एक पैसाही हलला नाही आणि डॉलर 90 झाला तर तेच तांबं 900 ला पडतं. किलोमागं 70 रुपये वाढले, त्यावर कर आणि तार ओढणाऱ्याची मजुरी वेगळी. ऑक्टोबर 2022 मध्ये डॉलरनं 83 ओलांडले होते आणि 2025 च्या डिसेंबरात 90 ओलांडले, म्हणजे हे आकडे काही हवेतले नाहीत. आणि तार देशातच बनली तरी भाव तोच लागतो, कारण इथला कारखानदार बाहेरून आणलेलं तांबं जेवढ्याला पडतं तेवढ्यालाच आपलं विकतो. तुतिकोरिनचा मोठा तांब्याचा कारखाना 2018 ला बंद पडला, तोपर्यंत आपण शुद्ध तांबं बाहेर विकत होतो, त्यानंतर बाहेरून आणायला लागलो.

पाईपाचंही तसंच. पाईपावर छाप देशी कंपनीचा असतो पण देशाला लागणाऱ्या पीव्हीसीच्या दाण्यापैकी, ज्याचा पाईप बनतो, निम्म्याहून जास्त दाणा परदेशातून येतो. जालन्याची सळई आपण मोठ्या अभिमानानं घराला वापरतो आणि वापरायलाच पाहिजे, पण तिथल्या भट्ट्यांत पडणारं बरंच भंगार जहाजानं येतं. पोटॅश खत तर जवळपास सगळंच बाहेरचं. डिझेलचं सांगायलाच नको.

म्हणून नुसतं "देशी घ्या" म्हणून भागत नाही, त्या देशी वस्तूच्या पोटात काय आहे ते बघावं लागतं. जिथं आतला माल आपल्या मातीतला आहे तिथं पडलेला रुपया खरंच आपल्या कामाचा आहे. बीड-जालन्याकडं तुतीची लागवड बरीच वाढलीय, तिचा पाला खाणाऱ्या रेशीम किड्यांच्या कोषांचा बाजार जालन्यात सुरू झालाय, नाहीतर आधी आपल्या लोकांना कोष घेऊन कर्नाटकात रामनगरला जावं लागायचं. डॉलर महाग झाला की चीनचं रेशीम महाग पडतं, मग विणकर इथल्या सुताकडं बघतो आणि कोषवाल्याला दोन पैसे जास्त मिळू शकतात. पैठणला विणलेल्या साडीत बीडचं रेशीम असलं तर त्या साडीचे पैसे गावातल्या गावात फिरतात. ह्याला मी देशी माल म्हणतो.

पण आपल्याकडं सगळ्यात मोठं पीक सोयाबीन, आणि इथंच माझं मन तुटतं. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी साठ टक्क्यांच्या आसपास तेल बाहेरून येतं, पाम तेल इंडोनेशिया-मलेशियाचं, सोयातेल अर्जेंटिना-ब्राझीलचं. रुपया पडला की हे तेल महाग पडणार, मग लातूरच्या तेलाला आणि सोयाबीनला भाव चढायला पाहिजे, साधा हिशोब आहे. 2025 मध्ये रुपया वर्षभरात सव्वाचार रुपयांच्या आसपास पडला, म्हणजे बाहेरच्या मालावर आपोआप पाचेक टक्क्यांचा बोजा बसला. पण मे महिन्याच्या शेवटी सरकारनं कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क 20 वरून 10 टक्के केलं. रुपयानं जे दिलं असतं त्याच्यापेक्षा जास्त एका आदेशानं काढून घेतलं. सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5328 रुपये जाहीर झाला आणि सुगीत बाजारात त्याच्या कितीतरी खाली माल गेला. कापसाचंही त्याच साली ऑगस्टात तेच केलं, 11 टक्के शुल्क डिसेंबरअखेरपर्यंत माफ, म्हणजे बरोबर आपला कापूस बाजारात यायच्या टायमाला.

शहरातल्या माणसाला तेल स्वस्त मिळावं हे मला मान्य आहे, माझ्याही घरी महिन्याला तेलाचे पुडे लागतात, मी कुणाच्या ताटाच्या विरोधात नाही. पण काकांकडं बघा. विकत घेताना तार, पाईप, खत, डिझेल सगळं डॉलरच्या भावानं. विकायला गेले की डॉलर वर गेल्याचा फायदा मिळायच्या आत शुल्क खाली. एकाच माणसाला दोन्हीकडून का मारता? रुपया पडला तर शेतकऱ्याच्या मालालाही त्याचा भाव मिळू द्या, निदान सुगीच्या चार महिन्यात तरी आयात शुल्काला हात लावू नका, एवढंच मागणं आहे.

आणि घेणाऱ्यांनाही एक विनंती. आपल्या भागात करडई पूर्वी घरोघरी असायची, ज्वारीच्या कडेनं काटेरी ओळी लावायचे, ढोरं आत शिरत नव्हती आणि वर्षाचं तेल निघायचं. परभणीच्या कृषी विद्यापीठानं परभणी कुसुमसारखं वाण दिलंय, कमी पाण्यात येतं, मोटारसुद्धा फार चालवावी लागत नाही. पण घाण्याचं करडईचं तेल महाग म्हणून लोक पामचा पुडा उचलतात आणि पेरा घटत चाललाय. महिन्यातून एक किलो जरी घाण्याचं घेतलं तर ते पैसे जहाजात जात नाहीत.

आता तुमच्याकडं काम आहे साहेब. तुमच्या बाजारभावाच्या पानावर रोज लातूरच्या सोयाबीनचा भाव असतो, तो आमच्याकडं पारावर मोठ्यानं वाचला जातो. त्याच्या शेजारीच दोन ओळी रोज छापा, आजचा डॉलर किती आणि कच्च्या खाद्यतेलावर, कापसावर आज आयात शुल्क किती. जागा दोन बोटांची लागेल. काकांनी मोटार नेली, निम्मे पैसे दिले, निम्मे गहू निघाल्यावर देणार आहेत. ते पैसे द्यायला येतील तेव्हा मला तो पेपर त्यांच्यासमोर ठेवता यायला पाहिजे.

आपला,
एक वाइंडिंग मिस्तरी, जि. परभणी