ताई, त्या निळ्या प्लेटबद्दल

प्रिय ताई,

हे पत्र तुला एकटीलाच पाठवता आलं असतं. पण तू कुणाकुणासाठी काय केलंस ते तू कधीच सांगणार नाहीस, म्हणून चारचौघांत लिहितेय.

आमच्या उसाच्या रानातल्या मातीतून काढलेला तो स्ट्रेप्टोमायसिस जिवाणू आठवतो ना? खडूची पूड सांडल्यासारखी पांढरी वसाहत, झाकण उघडलं की पहिल्या पावसाचा वास. पण स्टॅफ या रोगजंतूविरुद्ध झोन, म्हणजे तो वाढू न शकलेली मोकळी जागा, काही येईना. तीनदा लावून बघितला. टाकून दे, असंच लॅबमधले सगळे म्हणाले. तू म्हणालीस, "जीनोम बघितल्याशिवाय टाकायचा नाही."

त्या संध्याकाळी तू स्ट्रेप्टोमायसिस सीलिकलरची गोष्ट सांगितलीस. वर्षानुवर्षं अभ्यासलेला जिवाणू, त्याची माहीत असलेली संयुगं बोटांवर मोजण्याइतकी. २००२ साली त्याचा जीनोम प्रसिद्ध झाला, तर अशी संयुगं बनवणारे वीसहून जास्त जनुकसमूह निघाले! त्यातल्या एकावरून चॅलिस आणि रॅव्हेल यांनी २००० सालीच, पदार्थ हाती नसताना, लोह पकडणाऱ्या सीलिकेलिनची रचना वर्तवली होती. २००५ मध्ये ते खरंच सापडलं. फक्त अंदाज तीन अमिनो आम्लांचा होता, निघाली चार. हा शेवटचा भाग तू दोनदा सांगितलास. का, ते मला नंतर कळलं.

जीनोममधले असे समूह शोधणाऱ्या अँटीस्मॅश या संगणक प्रणालीनं माझ्या जिवाणूतही लोह पकडणाऱ्या संयुगांचे दोन समूह दाखवले. "त्याला लोहासाठी उपाशी ठेव," म्हणालीस आणि स्वतः काचसामान आम्लानं धुऊन दिलंस. पाचव्या दिवशी निळ्या कॅस प्लेटवर (लोह पकडणारं काही असलं की तिचा निळा रंग जातो) वसाहतीभोवती नारिंगी वलय उमटलं होतं. मी घरी फोनसुद्धा केला. तू एवढंच विचारलंस, "मास काय आलं?" म्हणजे त्या रेणूचं वस्तुमान.

५६१. डेस्फेरिऑक्सामिन बी, कितीतरी स्ट्रेप्टोमायसिस बनवतात ते. मला रडू आलं. तू खुर्ची ओढून शेजारी बसलीस आणि म्हणालीस, थॅलेसेमियाच्या मुलांच्या शरीरात साठलेलं लोह काढायला हेच औषध देतात, ते तुझ्या रानात बनतंय. आणि मग, "आता आलेखातली उरलेली शिखरं बघ."

ताई, त्या धीराबद्दल मनापासून आभार. तू नसतीस तर ती प्लेट निर्जंतुक करून टाकायला ऑटोक्लेव्हमध्ये गेली असती, नाहीतर पहिलंच वलय मी नवं म्हणून मिरवलं असतं.

दुसऱ्या समूहाचं एक छोटं शिखर अजून कशाशीच जुळत नाही. आज पुन्हा लावलंय. काचसामान मीच धुतलं, दोनदा.

तुझी,
शेजारच्या बाकावरची