पहिली नोटीस मराठीत का येत नाही?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात आतल्या पानांवर, टेंडर आणि नाव बदलल्याच्या जाहिरातींच्या शेजारी, मुंगीएवढ्या अक्षरात 'ताबा सूचना' आणि 'ई-लिलाव विक्री सूचना', म्हणजे हप्ते थकलेली घरं बँकेने ताब्यात घेतल्याच्या आणि लिलावात काढल्याच्या नोटिसा, असे रकानेच्या रकाने भरून येतात, ते कोणी वाचत नाही, मी पण वाचत नव्हते. गेल्या वर्षी त्यातल्या एका रकान्यात आमच्याच बिल्डिंगचं नाव आलं. विंग, मजला, फ्लॅट नंबर, कार्पेट एरिया, चतुःसीमा, कर्जदाराचं आणि सहकर्जदाराचं नाव, सगळं छापलेलं. मी बदलापूरला एका सोसायटीची सेक्रेटरी आहे, त्या घरात माझं रोजचं जाणं-येणं होतं आणि मला ते पेपरातून कळलं, ही गोष्ट माझ्या मनातून अजून जात नाही म्हणून हे पत्र लिहितेय. थोडं लांबेल, पण जमलं तर छापा.

त्या घरातल्या वहिनींनी आणि त्यांच्या मिस्टरांनी २०२१ मध्ये घर घेतलं. २२ लाखांचं होम लोन, २० वर्षं मुदत, व्याज तेव्हा ७ टक्क्यांच्या आसपास म्हणजे हप्ता साधारण १७ हजार. मिस्टर अंबरनाथ एमआयडीसीत, वहिनी घरी ब्लाऊज शिवतात, जमत होतं. मग मे २०२२ पासून रिझर्व्ह बँकेने रेपो रेट, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो दर, वाढवायला घेतला, तो ४ टक्क्यांवरून फेब्रुवारी २०२३ पर्यंत साडेसहावर गेला, आणि लोन फ्लोटिंग, म्हणजे रेटबरोबर व्याज वर-खाली होणारं, असल्यामुळे यांचं व्याज साडेनऊला पोचलं. साडेनऊने हिशोब करून बघा, १७ हजारांच्या हप्त्यातले जवळपास सगळे पैसे नुसत्या व्याजात जातात, मुद्दल हलतच नाही. मग हप्ता २० हजारांवर गेला. त्यात कंपनीने एक शिफ्ट बंद केली, आधी ओव्हरटाइम गेला, मग कामच गेलं. यात त्या माणसाची चूक काय ते मला कोणीतरी सांगावं. उधळपट्टी नाही, दारू नाही, गाडी नाही.

पेपरात बघितल्यावर मी वर गेले तेव्हा वहिनींनी शिलाई मशीनचा खण उघडून दाखवला. आत अकरा पाकिटं. त्यातली सात फोडलेलीच नव्हती. मी विचारलं अहो का नाही फोडली, तर म्हणाल्या, "ताई, फोडून काय करू, सगळं इंग्रजीत, पहिल्या चार वाचल्या तेव्हा पोराला बसवून वाचल्या, त्याला पण समजलं नाही आणि तो रात्री झोपला नाही." पोरगा दहावीत. त्याने मोबाइलवर 'फोरक्लोजर' असं शोधून काढलं होतं आणि अमेरिकेतले नियम वाचत बसला होता, कारण आपल्याकडे बँकवाले फोरक्लोजर म्हणतात ते लोन मुदतीआधी फेडून टाकण्याला, आणि घर ताब्यात घ्यायचा आपला कायदा वेगळाच, त्याचं नाव सरफेसी, २००२ चा. हे नाव किती कर्जदारांना माहीत असतं? लोन देताना साठ-सत्तर ठिकाणी सह्या घेतात, तेव्हा कोणी सांगत नाही.

त्या पाकिटांमध्ये एक होतं सरफेसीच्या कलम १३(२) चं. पहिली आणि खरी नोटीस हीच. तीन महिने म्हणजे ९० दिवस हप्ता थकला की खातं एनपीए होतं, म्हणजे बँक ते थकीत कर्जात टाकते, आणि मग ही नोटीस पाठवते, ६० दिवसांत पूर्ण बाकी भरा म्हणून. नुसते थकलेले हप्ते नाही, पूर्ण बाकी. तो एकवीस लाखांचा आकडा बघून माणूस हातपाय गाळतो. पण याच ६० दिवसांत करण्यासारखं सगळ्यात जास्त असतं. बँकेला लेखी हरकत देता येते आणि बँकेला १५ दिवसांत लेखी उत्तर द्यावंच लागतं, कायद्यातच आहे ते, १३(३ए). थकलेले सगळे हप्ते भरले तर बऱ्याचदा खातं पुन्हा सुरळीत करून घेतात. लोनची मुदत वाढवून मागता येते. हे सगळं वहिनींना कळलं असतं तर? त्यांनी काय केलं, दोन बांगड्या सोनाराकडे ठेवल्या आणि एक हप्ता भरून आल्या. त्यांना वाटलं आता मिटलं. पण एकदा एनपीए झालं की एक-दोन हप्त्यांनी खातं परत येत नाही, थकलेलं मुद्दल आणि व्याज सगळं भरावं लागतं, रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये हे स्पष्टच केलंय. बांगड्या गेल्या आणि तारीख पण गेली.

नंतर दारावर नोटीस चिकटवली. सांकेतिक ताबा म्हणतात त्याला, म्हणजे कागदावर घर बँकेचं, राहताय तुम्हीच. ती नोटीस वहिनींनी रात्री ओल्या फडक्याने घासून काढायचा प्रयत्न केला, सकाळी शाळेची पोरं जिन्यातून जाताना वाचतील म्हणून. डिंक इतका घट्ट की अर्धाच कागद निघाला, वरची जाड अक्षरं तशीच राहिली. कितीतरी दिवस त्या दार अर्धं उघडं ठेवून बसायच्या म्हणजे ती बाजू भिंतीकडे जाईल. आम्हा सगळ्यांना वाटायचं हवा येण्यासाठी उघडं ठेवतात.

आता माझा मुद्दा. नियमाप्रमाणे ताबा घेतल्यावर सात दिवसांच्या आत ती नोटीस दोन पेपरात छापावी लागते आणि त्यातला एक स्थानिक भाषेतला पाहिजे. म्हणजे मराठी येते ती इथे! घराचा कागदावर ताबा गेल्यावर, जगाला कळवण्यासाठी. ज्याचं घर आहे त्याला ६० दिवस हातात असताना जी नोटीस येते ती इंग्रजीत, आणि घर गेलं हे शेजाऱ्यापाजाऱ्यांना कळवायचं ते मराठीत. मी बदलापूरच्या दहा-बारा सोसायट्यांच्या सेक्रेटरींशी बोलले, त्यांच्याकडे आलेली पहिली नोटीस एकाचीही मराठीत नव्हती. लोनची जाहिरात मात्र स्टेशनबाहेर मराठीत, एसएमएस मराठीत, 'आपल्या हक्काचं घर' म्हणून. लोन देताना मराठी येतं, मग नोटीस देताना का येत नाही?

पुढचं थोडक्यात सांगते, कारण हे सांगताना मलाच त्रास होतो. कोणीतरी ओळखीच्याने सांगितलं म्हणून वहिनींचे मिस्टर कल्याणला दिवाणी कोर्टात जाऊन आले, तिथल्या फेऱ्यांत वेळ आणि पैसे गेले. सरफेसीच्या कामात दिवाणी कोर्टाला अधिकारच नाही, कलम ३४. जायचं असतं ते डीआरटीकडे, कर्जवसुली न्यायाधिकरण, आणि ते पण ताब्याच्या कारवाईपासून ४५ दिवसांत. ते ४५ दिवस कल्याणच्या फेऱ्यांत संपले. मग लिलावाची जाहिरात आली आणि तिथे दार बंद झालं, कारण २०१६ च्या दुरुस्तीनंतर पूर्ण बाकी भरून घर सोडवून घ्यायचा हक्क लिलावाची नोटीस छापून येईपर्यंतच आहे, सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलंय. म्हणजे संपादक साहेब, तुमच्या पेपरात ती जाहिरात ज्या दिवशी येते तो त्या कुटुंबाचा शेवटचा दिवस असतो, आणि मी त्यांच्या घरी पोचले ते त्याच दिवशी, पेपर हातात घेऊन. एवढं पण तुमच्या जाहिरात विभागाला माहीत असेल की नाही मला शंका आहे.

कलेक्टरच्या ऑर्डरवर तहसील ऑफिसचे लोक आणि पोलीस आले, सेक्रेटरी म्हणून पंच व्हायला मला बोलावलं. सामानाची यादी करतात. स्टीलची टाकी १ नग, शिलाई मशीन १ नग, लाकडी देव्हारा १ नग. त्या खाली मी सही केली आहे.

याच्या अगदी उलट आमच्याच सी विंगमधलं सांगते. तिथल्या काकांचा अपघात झाला, पाच महिने घरी. काकू लाजल्या नाहीत, दुसरा हप्ता चुकला तेव्हाच डिस्चार्ज पेपर आणि पगाराची स्लिप घेऊन ब्रँचला जाऊन बसल्या, तिथला अधिकारी पण माणूस भला निघाला, त्याने समजावून सांगितलं. मुदत वाढवली, हप्ता कमी झाला, तरी वर्षभराने पुन्हा ओढाताण व्हायला लागली तेव्हा त्यांनी स्वतःहून ठरवलं की घर विकायचं. बँकेची लेखी परवानगी घेतली (१३(२) ची नोटीस आल्यावर ती घेतल्याशिवाय विकताच येत नाही, हे लक्षात ठेवा), स्वतः गिऱ्हाईक बघितलं, बाजारभावाने विकलं, बँकेचं फिटलं आणि साडेपाच लाख हातात राहिले. आज वांगणीला छोटं घर आहे त्यांचं. लिलावात त्या भावाला कोण घेतं? लिलावात जास्त आले तर उरलेले कर्जदाराला परत मिळतात असं कायदा म्हणतो, पण व्याज, वकील, जाहिरात, सिक्युरिटी असा सगळा खर्च वजा जाता वहिनींच्या हाती काही आलं नाही.

दोन्ही घरं एकाच बिल्डिंगमधली, कर्ज जवळपास तेवढंच. फरक इतकाच की एकीला वेळेवर कोणीतरी तिच्या भाषेत सांगितलं.

बँकांचा पैसा म्हणजे आपल्यासारख्यांच्याच ठेवी आहेत, माझ्या सासूबाईंची एफडी पण आहे, तो बुडावा असं मी म्हणत नाही. मुद्दाम बुडवणारे असतात, त्यांच्यावर कडक कारवाई व्हावी. पण नोकरी गेली, आजारपण आलं, कमावता माणूस गेला, अशा घरांना दोन महिने आधी समोर बसवून बोललं तर बँकेचंच भलं आहे, बंद फ्लॅट सील करून वॉचमन बसवून बँकेला काय मिळतं? (कमावता माणूस गेला असेल तर लोनसोबत विमा काढलेला होता का ते आधी बघा हो. प्रीमियम लोनमध्येच घातलेला असतो आणि घरच्यांना पत्ता नसतो.)

आणि भीती घालायला येणारे वसुलीवाले, त्यांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही असं रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्येच बजावलंय, दंडावर व्याज लावायचं नाही हे पण बजावलंय. ज्यांचं बरंचसं लोन फिटलंय त्यांनी हे पण बघा की राहिलेली बाकी ही मूळ रक्कम आणि व्याज मिळून होणाऱ्या रकमेच्या २० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर सरफेसी लागूच होत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं, जे मला फार उशिरा कळलं. महिलांना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, १९८७ चा कायदा आहे, उत्पन्नाची अट महिलांना नाही, आणि त्यात न्यायाधिकरण पण येतं. बहुतेक होम लोनमध्ये बायको सहकर्जदार असते, सही तिची पण असते, नोटीस तिच्या नावाने पण येते. मग वकील तिच्या नावाने मागा. तालुका कोर्टातच ऑफिस असतं. मिस्टरांबरोबर वहिनी पण कल्याणच्या कोर्टात तीनदा जाऊन आल्या, त्याच आवारात कुठेतरी ते ऑफिस होतं, कोणी बोट दाखवलं नाही.

माझं सरकारकडे आणि रिझर्व्ह बँकेकडे मागणं एकच आहे. कलम १३(२) ची नोटीस कर्जदाराच्या भाषेत पाठवणं सक्तीचं करा, आणि तिच्यासोबत एक पान जोडा, मोठ्या अक्षरात, की आता तुम्ही काय काय करू शकता, कोणाकडे जायचं, किती दिवसांत. एका पानाला किती खर्च येतो?

आणि तुमच्याकडे एक मागणं, संपादक साहेब. त्या नोटिसांचे पैसे तुम्हाला मिळतात, मिळू देत. पण त्याच पानावर कोपऱ्यात आठवड्यातून एकदा चार बोटांची चौकट छापा. ६० दिवस कशासाठी, १५ दिवस कशासाठी, ४५ दिवस कधीपासून, मोफत वकील कुठे, बँकेने महिनाभर तक्रारीला दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाचा १४४४८ हा नंबर. बस एवढंच. तुम्ही छापलंत तर मी ते कापून आमच्या नोटीस बोर्डावर मेंटेनन्सच्या यादीच्या वर लावणार आहे, आणि बाकीच्या दहा-बारा सेक्रेटरींना पण सांगून ठेवलंय.

आपली,
एक सोसायटी सेक्रेटरी, बदलापूर (पूर्व)