घोटा खरोखर मोडलेला असला पाहिजे

सातारा
रविवार, रात्री

चि. मृणाल हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

दिवाळीच्या सुट्टीत आपण दोघींनी ‘फॉयल्स वॉर’ या दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या इंग्रज पोलीस अधिकारी फॉयलवरच्या मालिकेचे पहिले काही भाग रात्री जागून पाहिले आणि नाशिकला अकादमीत परतण्याच्या आदल्या रात्री, बॅग भरता भरता, तू म्हणालीस की फॉयलसारखा अधिकारी असेल तर पोलिसांना लागतील तेवढे अधिकार द्यायला काय हरकत आहे. चिवड्याचा डबा कुठे बसवायचा या गडबडीत मी तेव्हा काही बोलले नाही. पण न्यायदंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात बेंच क्लार्क म्हणून तीस वर्षे रिमांडचे कागद लावलेल्या बाईच्या घशाखाली हे वाक्य उतरत नाही, म्हणून हे पत्र.

पहिला भाग आठव. मे १९४०, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचे हेस्टिंग्ज. फॉयलला खरे तर युद्धाच्या कामावर जायचे आहे, पण वरिष्ठ त्याला सोडत नाहीत. तिथल्या एका निरुपद्रवी वृद्ध जर्मन जोडप्याला उचलून नेले जाते आणि त्यातली बायको स्थानबद्धतेतच मरते. त्याच परिसरातल्या एका प्रतिष्ठित मॅजिस्ट्रेटची जर्मन बायको मात्र ओळखीपाळखीच्या बळावर मोकळी राहते, घोड्यावरून रपेट करते. पुढे तिचा खून होतो, युद्धाच्या कामी आपण किती मोलाचे आहोत हे सांगून खुनी सुटका मागतो आणि फॉयल ती नाकारतो. तू टाळ्या वाजवल्यास त्या इथे. माझे मन त्या म्हातारीपाशीच अडकले होते. तिच्या मरणाला कोणी खलनायक नव्हता. फॉयलसारखा सज्जन अधिकारी त्याच गावात असूनही त्याला तिच्यासाठी काही करता आले नाही, कारण तिच्या बाबतीत कायद्याने गुन्हा घडलाच नव्हता. वरून हुकूम आला होता आणि त्याची तामिली झाली होती.

हे काही लेखकाच्या मनचे नाही. युद्ध सुरू झाल्यावर ब्रिटनने लवाद नेमून सुमारे ७३ हजार जर्मन आणि ऑस्ट्रियन रहिवाशांची एकेक करून चौकशी केली होती. त्यांतले जेमतेम सहाशे धोकादायक ठरले आणि ६४ हजारांहून अधिक लोक बिनधोक, कारण त्यांतले बहुतेक हिटलरच्याच जाचातून पळून आलेले होते. म्हणजे कागद तयार होते, निर्णय झालेले होते. तरीही १२ मे १९४० रोजी किनारपट्टीच्या जिल्ह्यांतल्या सोळा ते साठ वयाच्या जर्मन आणि ऑस्ट्रियन पुरुषांना सरसकट ताब्यात घेण्यात आले, आणि जूनमध्ये इटली युद्धात उतरल्यावर वर्षानुवर्षे तिथे हॉटेले चालवणारे इटालियनही त्याच वाटेने गेले. अशा लोकांना कॅनडाला घेऊन निघालेले ‘आरंडोरा स्टार’ हे जहाज २ जुलैला जर्मन पाणबुडीने बुडवले आणि आठशेच्या वर माणसे मेली. या स्थानबद्धतेवर पार्लमेंटमध्ये १० जुलैलाच वादळी चर्चा झाली, खासदार एलिनॉर रॅथबोन बाई तीत हिरिरीने बोलल्या, आणि पुढे हळूहळू बहुतेकांची सुटका झाली. इंग्लिश खाडीवर जर्मन विमाने घोंघावत असताना लोकप्रतिनिधी सरकारला याचा जाब विचारत होते, हेही मी तितक्याच आदराने नोंदवते.

परकीयांचे हे झाले. खुद्द ब्रिटिश नागरिकांना खटल्याविना डांबण्यासाठी संरक्षण नियम १८ ब होता, आणि तुझ्या कामाचा धडा तिथे आहे. गृहमंत्र्यांना अमुक माणूस घातक संबंधांचा आहे असे मानण्यास ‘वाजवी कारण’ असेल तर त्याला स्थानबद्ध करता येई. रॉबर्ट लिव्हरसिज नावाच्या गृहस्थाने विचारले की कारण कोणते ते सांगा. गृहमंत्री होते सर जॉन अँडरसन, जे त्याआधी बंगालचे गव्हर्नर होते. विनाखटला डांबण्याचा सराव कुठे झाला असेल ते मी वेगळे सांगायला नको. नोव्हेंबर १९४१ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सच्या, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या, पाचपैकी चार न्यायमूर्तींनी निर्णय दिला की मंत्र्यांना प्रामाणिकपणे तसे वाटले एवढे पुरे. पाचवे लॉर्ड ॲटकिन एकटे उभे राहिले. त्यांचे म्हणणे असे की, ‘त्याचा घोटा मोडला असेल तर’ या शब्दांचा अर्थ ‘घोटा मोडल्यासारखे त्याला वाटत असेल तर’ असा कधीच होऊ शकत नाही. कायद्याची एवढी पुस्तके हाताखालून गेली, पण इतके साधे वाक्य मला क्वचित सापडले.

त्याच युद्धात आपल्याकडे काय झाले तेही बघ. केशव तळपदे यांना भारत संरक्षण नियम २६ खाली स्थानबद्ध केले होते. मुंबई उच्च न्यायालयाकडून प्रकरण फेडरल कोर्टात, म्हणजे देशातल्या तेव्हाच्या सर्वांत वरच्या कोर्टात, गेले आणि एप्रिल १९४३ मध्ये सरन्यायाधीश सर मॉरिस ग्वायर यांच्या कोर्टाने तो नियमच बेकायदा ठरवला. मूळ कायद्याने ‘वाजवी संशय’ मागितला होता आणि नियमात सरकारचे नुसते ‘समाधान’ पुरेसे धरले होते. पुन्हा तोच घोटा! सरकारने अवघ्या काही दिवसांत वटहुकूम काढून मूळ कायदाच पूर्वलक्षी प्रभावाने बदलला. वाजवी हा शब्द राज्यकर्त्यांना किती टोचतो ते यावरून कळते.

आता माझे ऐक. एका सोमवारी एका पोलीस ठाण्याची रिमांड यादी आली. अटकेच्या कारणांचा मजकूर नेहमीचाच होता: आरोपी पुरावा नष्ट करण्याची शक्यता आहे, साक्षीदारांवर दबाव आणण्याची शक्यता आहे, तपास अपूर्ण आहे. तिसऱ्या ओळीत मात्र आरोपीच्या नावाच्या जागी आदल्या आठवड्यातल्या दुसऱ्याच आरोपीचे नाव होते. जुन्या कागदावर नवीन छापताना ते बदलायचे राहून गेले होते. साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला आणि फौजदारांना शांतपणे विचारले, “यातला दबाव नक्की कोण आणणार आहे?” फौजदार वाईट मनुष्य नव्हता गं. दोन रात्री झोपला नव्हता, आणि समोरचा आरोपी गुन्हेगारच आहे अशी त्याची मनोमन खात्री होती. खात्री असली की माणूस कारण लिहायचा कंटाळा करतो.

म्हणून फॉयलच्या सज्जनपणावर मी भिस्त ठेवायला तयार नाही. नाहीतर तो पन्नास जहाजांचा भाग आठव, ज्यात अमेरिकेची मदत हातची जाऊ नये म्हणून खुनी उद्योगपतीला सोडून द्यावे लागते आणि फॉयलला, युद्ध संपेल तेव्हा तुला गाठीन, एवढेच म्हणता येते. सज्जन माणसालाही वरून फोन येतो, बेटा. कागदावर कारण लिहिलेले असले तर फोन करणाऱ्याला निदान तो कागद तरी खोडावा लागतो.

तुमच्या वर्गात भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३५, विनावॉरंट अटकेचे, शिकवून झाले असेल. अटकेची कारणे लिहायचा जो नमुना सरावासाठी देतात, त्याची एक कोरी प्रत पुढच्या सुट्टीला आण. कारणांसाठी त्यात दोन ओळी सोडल्या आहेत की अख्खे पान, ते मला बघायचे आहे.

परेडचे बूट चावत असतील तर टाचेला खोबरेल लाव.

तुझी,
आई