फुकट राबायचे कोणी? माहिती तंत्रज्ञान मंत्र्यांना खुले पत्र

मा. माहिती तंत्रज्ञान मंत्री,
गोवा राज्य, सचिवालय, पर्वरी

महोदय, सादर नमस्कार.

गेल्या आठवड्यात एका सरकारी खात्याने ग्रंथालय संगणकीकरणाचे आमचे बिल परत पाठवले. वर शेरा एका ओळीचा: 'सॉफ्टवेअर मोफत असल्याने आकारणी ग्राह्य नाही.' काम तपासून घेतले, ग्रंथालय त्यावर चालू झाले आणि मग हे सुचले. काम देताना 'बिलाची चिंता करू नका' असे याच खात्याने सांगितले होते.

सॉफ्टवेअर आहे कोहा, ग्रंथालय चालवण्यासाठीचे. न्यूझीलंडमध्ये घडलेले, जीपीएल परवान्याखालचे मुक्त सॉफ्टवेअर, म्हणजे ज्याचा कोड कोणीही वापरावा, बदलावा, वाटावा. या परवान्याच्या तिसऱ्या आवृत्तीचे चौथे कलम कोणीतरी वाचायला हवे होते: प्रत द्यायला वाटेल ती किंमत लावा किंवा लावू नका, शिवाय सेवा आणि हमी यांचे पैसे घ्या. माड तुमचा, नारळ तुमचे, म्हणून पाडेल्याची मजुरी बुडवता का?

पैसे कशाचे, ते सांगतो. जुन्या याद्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये, म्हणजे संगणकांची आजची समान अक्षरपद्धती येण्याआधीच्या फॉन्टमध्ये टंकलेल्या होत्या. त्यांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार नंतर साठवलेला असतो. सरळ रूपांतर केले की 'कीर्तन'चा रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो. क्रम बदलणारी स्क्रिप्ट लिहावी लागते आणि त्यानंतरही प्रत्येक नोंद डोळ्यांखालून घालावी लागते. मग प्रत्येक पुस्तक मार्क या ग्रंथनोंदीच्या ठरीव साच्यात बसवायचे: लेखक १०० क्रमांकाच्या रकान्यात, शीर्षक २४५ मध्ये, प्रतीचा तपशील ९५२ मध्ये. कोहाचे झेब्रा हे शोधयंत्र देवनागरीसाठी आयसीयू या युनिकोड अक्षरे हाताळणाऱ्या नियमांवर वळवले नाही, तर पुस्तक कपाटात असूनही मराठी शोधात सापडत नाही. ते वळवल्यावर शोधाची सगळी अनुक्रमणी नव्याने बांधायची. वर दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती येते, म्हणजे आधी बॅकअप, मग चाचणी, मगच बदल. यातले काय फुकट आहे?

निविदांची तऱ्हा याहून वाईट. मूळ उत्पादकाचे अधिकारपत्र मागतात. जगभरच्या शेकडो लोकांनी मिळून लिहिलेल्या सॉफ्टवेअरला असा एक उत्पादक आणायचा कुठून? 'सोर्स कोडची संपूर्ण मालकी खात्याकडे राहील' असेही कलम घालतात. दुसऱ्यांच्या कोडची मालकी आम्ही देऊच शकत नाही. आम्ही लिहिलेल्या भागाची देऊ शकतो आणि बाकीचा कोड त्याच परवान्याखाली खात्याच्या हातात ठेवू शकतो. सही केली तर खोटे लिहून दिल्यासारखे, नाही केली तर निविदा बाद.

२०१५ मध्ये केंद्राने धोरण आणले: निविदेत मुक्त पर्यायाचा विचार व्हावा, पुरवठादाराने तो वगळल्यास कारण द्यावे. राज्यांना ते स्वीकारायची मुभा आहे. पण बंदिस्त सॉफ्टवेअरच्या नूतनीकरणाला कोणी कारण विचारत नाही. तो पैसा राज्याबाहेर जातो आणि आमची पोरे त्याच्या मागून पुण्या-बेंगळुरूला जातात. मुक्त सॉफ्टवेअरवर धंदा होत नाही, असे का वाटते? रेड हॅट ही अमेरिकन कंपनी त्यावरच उभी राहिली आणि २०१९ मध्ये आयबीएमने ती सुमारे ३४ अब्ज डॉलर्सना घेतली.

बिल अडले तरी त्यावरचा १८ टक्के जीएसटी पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत आम्हाला खिशातून भरावा लागतो. सूक्ष्म-लघु उद्योगांच्या २००६ च्या कायद्यात ४५ दिवसांत पैसे देणे बंधनकारक आहे. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. ते मागितले की पुढचे काम बंद. लहान माणसाने कायदा दाखवायचा तरी कोणाला? सगळी यंत्रणा मोठ्या पुरवठादाराच्या मापाने बेतलेली आहे.

आपण एवढे करा. दरपत्रकात परवान्याची रक्कम शून्य लिहा, पण त्याखाली स्थापना, माहिती रूपांतर, प्रशिक्षण आणि ३ वर्षांची देखभाल अशा स्वतंत्र ओळी असू द्या. उत्पादकाच्या पत्राऐवजी चालू कामाचा पुरावा मागा. आमचे बिल त्याच खात्याकडे पुन्हा सादर केले आहे. त्यावरचा शेरा लेखी मागे घ्यायला लावा.

आपला,
मुक्त सॉफ्टवेअरवर पोट असलेला एक व्यावसायिक
म्हापसा, बार्देश