मारिया त्या रविवारी कुठे होती?

नाशिक,
१८ ऑगस्ट

प्रिय कुंदा,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तराला उशीर केला, कारण मला आधी तुझ्या दुसऱ्याच एका प्रश्नाचं उत्तर लिहायचं होतं. तो प्रश्न तू १९८३ साली विचारला होतास.

आठवतंय का बघ. पुण्यातला तो छोटा हॉल, सोळा एमएमचा प्रोजेक्टर, रीळ बदलताना लागणारा पिवळा दिवा. 'बायसिकल थीव्ह्ज' संपला होता आणि चर्चा सुरू झाली होती. दिग्दर्शक डे सिका, नववास्तववाद म्हणजे युद्धानंतरच्या इटलीतलं साध्या माणसांचं खरं जगणं दाखवणारा सिनेमा, १९५२ च्या मुंबईतल्या महोत्सवात हा सिनेमा आला आणि बिमल रॉयनी पुढच्याच वर्षी 'दो बिघा जमीन' केला, वगैरे सगळं बोलून झालं. मग तू उभी राहिलीस. म्हणालीस, नवऱ्याची सायकल सोडवायला घरातल्या चादरी गहाण टाकायच्या हे नायकाच्या बायकोला, त्या मारियाला सुचलं. रविवारी नवरा आणि मुलगा रोमभर सायकल शोधत हिंडतात. तेव्हा ही बाई कुठे असते? दिवसभर काय करते? चर्चा चालवणारे गृहस्थ म्हणाले, तो या सिनेमाचा विषय नाही. दोघे-तिघे हसले. तू खाली बसलीस, आणि होस्टेलवर परत येईपर्यंत एक शब्द बोलली नाहीस. मीही बोलले नाही. प्रश्न बरोबर होता हे मला तेव्हाच कळलं होतं, कुंदा. मी तेव्हा उठून तसं म्हणायला हवं होतं.

तर आता ऐक. तुझा प्रश्न पडलेला माणूस रोममध्येच होता. आन्तोनिओ पिएत्रांजेली हा दिग्दर्शक. आपण इतकी वर्षं इटालियन सिनेमा पाहिला, रोसेलिनी, डे सिका, फेलिनी, अन्तोनिओनी, व्हिस्कोन्ती ही नावं पाढ्यांसारखी पाठ केली, पण हे नाव माझ्या कानावर आलं नव्हतं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर सहा आठवडे घरी होते, तेव्हा माझ्या भाच्याने मिलानहून डिस्कचा एक गठ्ठा पाठवला. त्यात एकावर सिमॉन सिन्योरे आणि एमान्युएल रिव्हा या फ्रेंच नट्यांची दोन नावं एकत्र दिसली, म्हणून तो लावला. एवढंच निमित्त. त्यानंतर मी दुसरं काही पाहिलं नाही.

तो पहिला सिनेमा म्हणजे १९६० चा 'आदुआ ए ले कोम्पान्ये', आदुआ आणि तिच्या मैत्रिणी. इटलीत तोवर सरकारमान्य कुंटणखाने होते. लीना मेर्लिन या समाजवादी सिनेटर बाईंनी अनेक वर्षं झगडून १९५८ साली कायदा करवला आणि त्या सप्टेंबरात ते सगळे बंद झाले. सिनेमा सुरू होतो तो त्या शेवटच्या दिवशी. चार बायका बाहेर पडतात आणि रोमच्या वेशीवर एक पडकं घर घेऊन खाणावळ काढायची ठरवतात. खाली खाणावळ, वर जुनाच धंदा, असा बेत. पण पोलिसांच्या दप्तरी नावं असलेल्या बायकांना परवाना कोण देणार? मग एक वजनदार माणूस स्वतःच्या नावावर परवाना काढून देतो आणि त्या बदल्यात दरमहा दहा लाख लिरा मागतो. आणि गंमत अशी होते की खाणावळ चालायला लागते. खरोखरच चालते. चौघींना भाजी निवडणं, ताटं वाढणं, गिऱ्हाइकाने पदार्थाची तारीफ करणं आवडायला लागतं. रिव्हाच्या वाट्याला आलेली मारिलिना आपल्या दुसरीकडे वाढणाऱ्या लहान मुलाला तिथे आणते. वरच्या खोल्या रिकाम्याच राहतात. आणि नेमकं तेच त्या परवानावाल्याला नको असतं.

मी तो पाहताना वाट बघत होते की आता कुणीतरी भाषण करेल. कुणी करत नाही. पिएत्रांजेली एकीलाही देवी करत नाही आणि एकीचीही कीव करत नाही. सिन्योरेची आदुआ हिशेब करते, ओरडते, मास्त्रोयानीने केलेल्या गोडबोल्या गाडीविक्याला भुलते, पुन्हा सावरते. फेलिनीचा 'ला दोल्चे व्हिता' त्याच वर्षीचा, शहर तेच, मास्त्रोयानीही तोच. त्या सिनेमात आपण त्याच्यासोबत रात्रभर हिंडलो. इथे तो येतो-जातो, आणि कॅमेरा त्याच्यामागे न जाता आदुआपाशी थांबतो. तिथे मला तू आठवलीस.

मग मी उलटी मागे गेले. पिएत्रांजेलीचा जन्म रोमचा, १९१९ चा. शिकला वैद्यक, पण लिहू लागला सिनेमावर. व्हिस्कोन्तीच्या पहिल्या सिनेमाच्या, १९४३ च्या 'ओस्सेस्सिओने'च्या पटकथेत त्याचा हात होता. म्हणजे आपण ज्याला नववास्तववादाची पहाट म्हणत होतो तिथे हा हजर होता. पण स्वतःचा पहिला सिनेमा करायला १९५३ साल उजाडलं. तो 'इल सोले नेल्यी ओक्की', डोळ्यांतलं ऊन.

हा तू पाहायलाच हवास. चेलेस्तिना नावाची खेड्यातली पोर रोममध्ये घरकामाला येते. एका घरातून दुसऱ्या घरात. एक फेर्नान्दो म्हणून प्लंबर भेटतो, प्रेम होतं, दिवस जातात, आणि तो दुसरीशीच लग्न करतो. गोष्ट अगदी जुनी, आपल्याकडच्या कितीतरी कथांत येऊन गेलेली. पण बघायचं ते घरं. प्रत्येक घराचा स्वयंपाकघर ते बैठक हा रस्ता तो तिच्या पावलांनी दाखवतो. मालकीण कुठून हाक मारते, झोपायला कोपरा कुठला मिळतो, सुट्टीच्या दिवशी बाकीच्या मोलकरणी कुठे जमतात. पोर ट्रामखाली उडी घेते, वाचते. शेवटी दवाखान्यात तिच्याभोवती याच मोलकरणी उभ्या राहतात, आणि पश्चात्ताप झालेल्या फेर्नान्दोला ती परत पाठवते. श्रेयनामावलीत सूझो चेक्की दामिको हे नाव दिसलं तेव्हा मी डिस्क थांबवली. 'बायसिकल थीव्ह्ज'च्या पटकथाकारांतही ही बाई आहे. पाच वर्षांनी ती या मोलकरणीच्या गोष्टीवर काम करत होती! याचा अर्थ काय लावायचा ते मी तुझ्यावर सोडते, पण मला त्या रात्री झोप आली नाही.

मधले काही सिनेमे मी भराभर सांगते. 'लो स्कापोलो'त आल्बेर्तो सोर्दीचा ब्रह्मचारी आहे, छान आहे. 'फान्तास्मी आ रोमा' भुतांचा, हलकाफुलका. १९६४ चा संशयी नवऱ्याचा सिनेमा मला लांबला असं वाटलं. आणि १९६३ चा 'ला पार्मिजाना' पुन्हा पाहिल्याशिवाय त्यावर बोलणार नाही.

पण 'ला विझिता'! तोही १९६३ चाच. पिना ही पो नदीच्या सपाटीवरच्या एका गावात राहणारी, तिशी ओलांडलेली, शेती अवजारांच्या सहकारी संस्थेत नोकरी करणारी, स्वतःचं घर असलेली बाई. तिने वर्तमानपत्रात जाहिरात दिली आहे. पत्रं लिहिणाऱ्यांतला एक, रोमच्या पुस्तकाच्या दुकानात काम करणारा आदोल्फो, तिला भेटायला येतो. सबंध सिनेमा म्हणजे तो एक दिवस. आपल्या पाहण्याच्या कार्यक्रमांतून तू आणि मी दोघीही गेलोय, म्हणून तुला वेगळं सांगायला नको. पाहुणा घराकडे ज्या नजरेने बघतो, फर्निचरची मनातल्या मनात किंमत करतो, खाऊन-पिऊन झाल्यावर त्याची जीभ सैल होते, ते सगळं त्यात आहे. फरक एवढाच की इथे पिनाही त्याला बघते आहे. आणि मधूनमधून दोघांचे मागचे दिवस दिसतात. तिच्या आयुष्यात एक विवाहित ट्रकचालक होऊन गेलाय, ते ती लाज न वाटता आठवते. सान्द्रा मिलोने ही पिना अशी केली आहे की हसू येत असतानाच घसा दाटतो. एकटी बाई घर कसं भरते ते बघ. पोपट, कासव, कुत्रा, पडदे, बाटल्या. मला माझी मावशी दिसली, तिची सगळी कपाटं दिसली. शेवटी पिना त्या माणसाला त्याच्या तोंडावर सगळं सांगते. किती शांतपणे सांगते!

आता ज्याच्यासाठी एवढं लांबण लावलं तो. १९६५ चा 'इओ ला कोनोशेवो बेने'. या नावाचं मराठी करताना मी अडले. इटालियनमध्ये हे वाक्य पुरुष बोलतोय की बाई, ते क्रियापदावरून कळत नाही. मराठीत मात्र ठरवावंच लागतं. 'मी तिला चांगलं ओळखत होतो' की 'होते'? सिनेमात तिला ओळखल्याचा दावा करू शकतील असे एकामागून एक पुरुषच येतात, म्हणून मी 'होतो' केलं. पण मग वाटलं, आपण प्रेक्षक बायकाही त्यात आलो असू, म्हणूनच नाव तसं उघडं राहिलं असेल.

आद्रियाना ही तोस्कानामधल्या खेड्यातली मुलगी. केस करण्याच्या दुकानात काम करते, मग रोमला येते. चित्रपटगृहात माणसांना जागा दाखवते, जाहिरातींत पायांपुरती झळकते, सिनेमात शिरायची धडपड करते. स्तेफानिया सान्द्रेल्ली तेव्हा जेमतेम एकोणीस वर्षांची होती. गोष्ट सलग नाहीच, दर प्रसंगात नवा माणूस, नवा टोप, नवी केशरचना, आणि सतत कुठलं ना कुठलं गाणं, रेडिओवर नाहीतर तबकडीवर. पहिल्या दृश्यात ती समुद्रकाठी पडून आहे आणि शेजारी ट्रान्झिस्टर चालू आहे. एत्तोरे स्कोला आणि रुज्जेरो माक्कारी या दोघांनी पिएत्रांजेलीबरोबर लिहिलेला हा सिनेमा वरवर इतका हलका आहे की आपण अर्धा वेळ तिच्यासारखेच वाहत जातो.

दोन प्रसंग सांगते. एका मेजवानीत उतरणीला लागलेला नट बाज्जीनी, म्हणजे उगो तोन्यात्झी, एका बड्या नटाकडून छोटीशी भूमिका मिळावी म्हणून टेबलावर चढून आगगाडीची नक्कल करत नाचतो. लोक आणखी जोरात म्हणतात, तो आणखी जोरात नाचतो, चेहरा पांढराफटक पडेपर्यंत. मग तोच बड्या नटाचा निरोप घेऊन आद्रियानाकडे येतो, म्हणजे तिला त्याच्याकडे पोचवायला. अपमान वरून खाली कसा सरकत जातो ते मी एवढं स्पष्ट कधी पाहिलं नव्हतं. या भूमिकेला १९६६ चा नास्त्रो दार्जेन्तो, म्हणजे इटलीतल्या सिनेपत्रकारांचा पुरस्कार, मिळाला, दिग्दर्शनासाठी पिएत्रांजेलीलाही मिळाला. म्हणजे तेव्हा कुणी ओळखलंच नाही असं नाही. पुढे विसरले.

दुसरा प्रसंग एका लेखकाचा. तो तिला मिलेना नावाच्या एका मुलीचं वर्णन ऐकवतो. जे समोर येईल ते घेणारी, पैशाचा हव्यास नसलेली, तिला काल नाही आणि उद्या नाही. ऐकता ऐकता आद्रियानाला कळतं की ही मिलेना म्हणजे आपणच. ती विचारते, मी अशी आहे? म्हणजे मी मूर्ख आहे का? आणि त्या क्षणी सान्द्रेल्लीच्या चेहऱ्यावर जे येतं, त्यासाठी तू हा सिनेमा दोनदा पाहशील. लेखकाला तिचं वर्णन करता येतं आणि तरी ती त्याला कळलेली नसते. पुढे एक वार्तापट तिची मुलाखत घेतो आणि तिची चेष्टा होईल अशी कापाकापी करून पडद्यावर दाखवतो, पायमोज्याच्या भोकासकट. तोही तिचं वर्णनच करत असतो.

आणि या सगळ्यांच्या मध्ये ती घरी असते. एकटी. टोप काढते, रेकॉर्ड लावते, खोलीत इकडून तिकडे फिरते. तुझ्या मारियाचा तो रविवार, कुंदा. कुणीतरी कॅमेरा घेऊन तिथे थांबला होता. शेवट मी सांगणार नाही.

हा माणूस विसरला का गेला, यावर मी बराच विचार केला. नववास्तववाद संपत आला तेव्हा तो आला. पुढे त्याला इटालियन विनोदी सिनेमाच्या खणात टाकलं गेलं, आणि विनोदी म्हटलं की अभ्यासक पुढे सरकतात. त्याच्या सिनेमांत शैलीचा झेंडा नाही, म्हणून नावाला 'वादी' जोडता येत नाही. आणि बायका. माझ्या मते हे खरं मोठं कारण आहे. फेलिनीच्या बायका फेलिनीबद्दल सांगतात. पिएत्रांजेलीच्या बायका स्वतःबद्दल सांगतात, दिग्दर्शक मागे उरतच नाही.

आणि तो लवकर गेला. १९६८ च्या जुलैत गाएताला समुद्रावर चित्रीकरण चालू असताना बुडाला. वय एकोणपन्नास. तो अर्धा सिनेमा व्हालेरिओ झुर्लिनी या दिग्दर्शकाने पुरा केला. झुर्लिनी हाही असाच बाजूला पडलेला, त्याच्यावर पुन्हा कधीतरी लिहीन. पिएत्रांजेलीचा मुलगा पाओलो गाणी रचायचा. ६८ च्या त्या वर्षी इटलीतले विद्यार्थी ज्याचं 'कोन्तेस्सा' गात होते, तोच. बापाने ते कितपत ऐकलं असेल असं मनात येतं.

पुढे त्याच्या सिनेमांच्या प्रती दुरुस्त झाल्या, डिसेंबर २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने त्याचे सिनेमे सलग दाखवले. म्हणून भाच्याच्या गठ्ठ्यातून ते माझ्यापर्यंत आले. प्रती इतक्या स्वच्छ आहेत की आदुआच्या खाणावळीतल्या टेबलक्लॉथच्या चौकटी मोजता येतात.

दिवाळीनंतर तू येणारच आहेस, तेव्हा चार दिवस जास्तीचे काढ. पहिल्या दिवशी मोलकरणीचा, मग आदुआ, मग पिना. आद्रियाना शेवटी, दुपारी, घरात आपण दोघीच असताना. गुडघा आता बरा आहे, संध्याकाळी गोदेपर्यंत चालत जाऊ शकते, म्हणजे बोलायला वेळ मिळेल. इंदूरहून शेव आणच, पण तुझी ती निळी वहीही शोधून आण. त्या दिवशी हॉलमध्ये उभी राहण्याआधी तू प्रश्न वहीत लिहून काढला होतास, मी शेजारी बसून बघत होते. तो तू नेमक्या कोणत्या शब्दांत लिहिला होतास ते मला वाचायचं आहे.

तुझी,
विजू