सुन्या, तुला बॅलीहेलची गोष्ट सांगायचीय

प्रिय सुन्या,

मागे फोनवर तू विचारलंस की आयर्लंडमधल्या वॉटरफर्डला राहतोस आणि शेजारच्या किलकेनीतल्या क्लबचं एवढं कौतुक कसलं, तेव्हा घाईत नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहायला बसलोय, लांबेल जरा, चहा घेऊन वाच.

बॅलीहेल हे किलकेनी काउंटीच्या (काउंटी म्हणजे आपला जिल्हा समज) दक्षिणेचं गाव, आमच्याकडून डब्लिनला जाणाऱ्या जुन्या रोडवर. चर्च, शाळा, पब, मैदान, झालं गाव. आणि ह्या गावाच्या बॅलीहेल शॅमरॉक्स क्लबने हर्लिंग ह्या इथल्या काठी-बॉलच्या खेळाची ऑल-आयर्लंड क्लब चॅम्पियनशिप 9 वेळा जिंकलीय! त्यांच्यानंतर बर आणि पोर्टुम्ना हे क्लब, त्यांच्याकडे 4-4. म्हणजे बघ अंतर किती आहे.

खेळ तुला थोडक्यात सांगतो. एका बाजूला 15 जण, हातात अ‍ॅश झाडाच्या लाकडाची, टोकाला चपटी पसरट काठी, ती बुंध्याच्या मुळाजवळच्या भागातून काढतात कारण तिथं लाकडाची रेघच मुळात वळलेली असते, म्हणून काठी सहज मोडत नाही. चामड्याचा छोटा बॉल. गोलपोस्टच्या आडव्या बारखालून जाळ्यात गेला तर गोल, त्याचे 3 पॉइंट, बारवरून गेला तर 1. आणि बॉल हवेत असतानाच मारतात रे, काय स्पीड असतो! पहिल्यांदा बघताना बॉल कुठाय तेच कळत नाही.

पण मला खरं सांगायचंय ते 1972 बद्दल. त्याआधी शॅमरॉक्स नावाचा क्लबच नव्हता. बॅलीहेल, नॉकटॉफर आणि नॉकमॉयलन, एकाच पॅरिशमधल्या, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या, ह्या तीन भागांनी त्या वर्षी एकत्र येऊन एक क्लब केला, जर्सी हिरवी-पांढरी. आपल्याकडे दोन वाड्यांची एक तालीम करायची म्हटली तरी नाव कुणाचं यावरून वर्ष जातं, इथं तीन जागांनी आपापला अभिमान बाजूला ठेवला. मला विचारशील तर क्लबच्या इतिहासातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच, कुठल्याही कपपेक्षा मोठी. सहा वर्षांत, 1978 ला, ते किलकेनीचे सीनियर चॅम्पियन झाले, मग 79 आणि 80 पण.

आणि लक्षात घे, इथं प्लेअर विकत घेता येत नाही. ज्या पॅरिशचा तू, त्याच क्लबकडून खेळायचं, पैसे कुणालाच नाहीत. त्यामुळे टीम म्हणजे गावातली घरंच. 1981 ला कॉर्कच्या सेंट फिनबार्सला हरवून पहिली ऑल-आयर्लंड जिंकली तेव्हा टीममध्ये फेनेली घरातले सात भाऊ होते. सात! त्यातला जेर 1979 ला किलकेनी काउंटीच्या टीमचा कॅप्टन, लियम 1983 आणि 1992 ला, आणि तिन्ही वेळा किलकेनी काउंट्यांची ऑल-आयर्लंड जिंकली. किलकेनीत जो क्लब चॅम्पियन तो काउंटीचा कॅप्टन ठरवायचा अशी पद्धत होती, म्हणून एवढ्याशा गावातून एवढे कॅप्टन. पुढे त्याच घरातला पुढच्या पिढीतला मायकल 2009 ला कॅप्टन झाला.

मग हेन्री शेफ्लिन. किलकेनीकडून 10 ऑल-आयर्लंड मेडल्स असलेला माणूस, पण गावासाठी 2007, 2010 आणि 2015 ला क्लबचं जिंकला, आणि खेळणं थांबवल्यावर मॅनेजर म्हणून परत येऊन 2019 आणि 2020 असं लागोपाठ दोनदा जिंकून दिलं. मला त्याचं हे परत येणं जास्त आवडतं.

आता आमच्या घरातलं भांडण. फेब्रुवारी 2022 ची क्लबची ऑल-आयर्लंड फायनल, डब्लिनचं क्रोक पार्क स्टेडियम, समोर आमच्या वॉटरफर्डचा बॅलीगनर क्लब. शॅमरॉक्सला सलग तिसरी हवी होती, एक्स्ट्रा मिनिटं चालू, दोन पॉइंट पुढे, आणि बॅलीगनरच्या हॅरी रडलने शेवटच्या झटक्यात गोल मारला, 2-17 विरुद्ध 1-19 (आधी गोल, मग बारवरचे पॉइंट), एका पॉइंटने गेली. आमच्या गल्लीत जल्लोष, मुलं नाचतायत आणि मला मात्र त्या हिरव्या-पांढऱ्या पोरांकडे बघवेना. पण सुन्या, त्याच वर्षी डिसेंबरात सेमीफायनलला पुन्हा हेच दोघं समोरासमोर आले आणि ह्या वेळी शॅमरॉक्स जिंकले, मग जानेवारी 2023 ला अँट्रिमच्या डनलॉयला हरवून नववी ऑल-आयर्लंड. शॅमरॉक्सचा टीजे रीड तेव्हा पस्तिशीचा होता आणि काय खेळला!

काळजी एकच वाटते, अ‍ॅशच्या झाडांना रोग लागलाय, आयर्लंडभर झाडं मरतायत, काहीजण आता बांबूच्या काठ्या वापरायला लागलेत. हातात घेऊन बघितली, वाईट नाही.

ऑक्टोबरात सुट्टी टाकता आली तर बघ, तेव्हा किलकेनीची काउंटी फायनल नोलन पार्कला असते, शॅमरॉक्स असोत नसोत आपण जाऊ, तिकिटं मी काढतो. वहिनींना आणि काका-काकूंना नमस्कार सांग, आणि तारखा लवकर कळव, विमानाचे रेट वाढायच्या आत.

तुझा,
मन्या